रेणू सेकंदाला अब्जावधी वेळा आदळतात, तरी अभिक्रिया का रेंगाळते? आणि एकेका टकरीचा अभ्यास कसा करतात?

ठाण्यात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: वायूतला प्रत्येक रेणू सेकंदाला अब्जावधी टकरा झेलतो असे पुस्तक सांगते, मग पुष्कळशा अभिक्रियांना तास आणि दिवस का लागतात? प्रयोगशाळेत आम्ही दर पाच मिनिटांनी नमुना काढून अनुमापन करतो (किती पदार्थ उरला ते मोजतो) आणि त्यावरून दरस्थिरांक, म्हणजे अभिक्रियेच्या वेगाचा आकडा, काढतो. यातून एका टकरीत काय घडले हे कसे कळणार? या विषयात पीएच.डी. करायची तर प्रयोगाकडे जावे की संगणकीय गणनेकडे? आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या रासायनिक कारखान्यांना याचा काही उपयोग आहे का?

प्रश्न चार दिसत असले तरी त्यांच्या मुळाशी अडचण एकच आहे. तुम्ही मोजता तो दरस्थिरांक आणि तुम्हाला जाणून घ्यायची आहे ती टक्कर, या दोहोंच्या मध्ये एक फार मोठी सरासरी उभी आहे. या क्षेत्रातले निम्मे काम त्या सरासरीचे थर एकेक करून सोलण्याचे आहे. कोणता थर सोलायचा हे आधी ठरले, तर प्रयोग की गणना हा प्रश्न पुष्कळसा आपोआप सुटतो. माझे स्वतःचे काम आधी कणझोत (निर्वातात सोडलेले रेणूंचे बारीक झोत) आणि लेसर यांवर झाले आणि पुढे गणनेकडे वळले. त्यामुळे खालची मते त्या अनुभवाच्या बाजूला झुकलेली आहेत, हे लक्षात घेऊन वाचावे.

पहिल्या प्रश्नासाठी आपल्याच हवेतली अभिक्रिया घेऊ. घोडबंदर रस्त्यावरच्या ट्रकच्या धुराड्यातून नायट्रिक ऑक्साइड बाहेर पडतो, हवेतल्या ओझोनवर आदळतो आणि त्यातून नायट्रोजन डायऑक्साइड व ऑक्सिजन तयार होतात. नायट्रिक ऑक्साइडचा एक रेणू सेकंदाला सुमारे सात अब्ज टकरा झेलतो, परंतु त्यांतल्या जवळजवळ सगळ्या नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांच्याशी होतात आणि त्या या अभिक्रियेच्या दृष्टीने वाया जातात. हवेत ओझोनचे प्रमाण अब्जात ४० भाग आहे असे धरले, तर ओझोनशी होणाऱ्या टकरा सेकंदाला अवघ्या अडीचशेच्या आसपास उरतात. या अभिक्रियेची सक्रियण ऊर्जा, म्हणजे टकरीत किमान लागणारी ऊर्जा, साडेबारा किलोज्यूल प्रति मोल इतकी, म्हणजे तशी लहान आहे. तरीही नेहमीच्या तापमानाला तेवढी ऊर्जा दीडशे टकरींत एखाद्याच टकरीला लाभते. ऊर्जा लाभलेल्या टकरींपैकीही सगळ्या फळाला येत नाहीत, कारण नायट्रिक ऑक्साइडचे नायट्रोजनचे टोक ओझोनच्या कडेच्या अणूकडे योग्य कोनातून यावे लागते. टकरीसाठी रेणूंचा व्यास किती धरायचा यावर हा आकडा थोडा बदलतो, परंतु साधारण ऐंशी-पंचाऐंशींत एक टक्कर या कसोटीला उतरते. दोन्ही गाळण्या एकत्र धरल्या की ओझोनशी झालेल्या तेरा हजार टकरींमागे एक अभिक्रिया घडते. सेकंदाला अडीचशे टकरा असतील, तर त्या रेणूचे सरासरी आयुष्य पन्नासएक सेकंद भरते. प्रत्यक्षातही ते त्याच घरात आहे, आणि म्हणूनच वर्दळीच्या रस्त्यालगत ओझोन कमी आढळतो. तो ताज्या धुरातल्या नायट्रिक ऑक्साइडवर खर्ची पडलेला असतो.

आता सक्रियण ऊर्जा वाढवून पाहा. ३०० केल्विनला ५० किलोज्यूल प्रति मोल ही ऊर्जा असलेल्या टकरा एक अब्जात दोनच निघतात. १०० किलोज्यूल धरले तर एक अब्ज गुणिले एक अब्ज इतक्या टकरींत चार. सेकंदाला दहा अब्ज टकरा झाल्या आणि त्या सगळ्या हव्या त्याच जोडीदाराशी झाल्या असे मानले, तरी या दुसऱ्या रेणूला सरासरी नऊ-दहा महिने थांबावे लागेल. ‘तापमान दहा अंशांनी वाढले की वेग दुप्पट होतो’ हा शाळेतला ठोकताळा ५० किलोज्यूलच्या आसपासच खरा ठरतो. १०० किलोज्यूलला तोच गुणक साडेतीनच्या वर जातो. अभिक्रिया रेंगाळते ती टकरांची टंचाई असल्यामुळे नव्हे, हे एवढ्यावरून पटावे.

टक्कर-सिद्धांताचे हे चित्र माक्स ट्राउट्झ यांनी १९१६ साली आणि विल्यम लुईस यांनी १९१८ साली स्वतंत्रपणे मांडले. त्यात रेणू म्हणजे कठीण गोळे. कोनाची अडचण भागवण्यासाठी त्यात एक गुणक घालतात आणि तो प्रयोगाशी जुळवून घेतात. ही तडजोड किती ताणली जाते ते पाहण्यासारखे आहे. एथिलीन आणि हायड्रोजन यांच्या थेट संयोगासाठी तो गुणक दशलक्षात एक-दोन इतका खाली येतो, तर पोटॅशियम आणि ब्रोमीन यांच्यासाठी तो जवळजवळ पाच निघतो. एकाहून अधिक गुणक याचा अर्थ टकरा जितक्या झाल्या त्यांहून अभिक्रिया जास्त झाल्या. कठीण गोळ्यांच्या चित्रात याला अर्थच नाही. खरे कारण असे की पोटॅशियमचा बाहेरचा इलेक्ट्रॉन फार सैल असतो. ब्रोमीनचा रेणू सात-आठ आंगस्ट्रॉम (एक आंगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग) दूर असतानाच तो इलेक्ट्रॉन उडी मारून पलीकडे जातो, आणि मग धन व ऋण आयन एकमेकांना खेचून घेतात. टक्कर कोठे सुरू होते, हे रेणूंच्या आकाराने ठरत नाही. त्यांच्यातल्या बलांनी ठरते.

ही गोष्ट केवळ दरस्थिरांकावरून का उमगत नाही? ठाणे स्थानकावर तासाला किती माणसे उतरली हे मोजून कोण कोठून आला, बसून आला की लोंबकळत आला, हे कळत नाही. दरस्थिरांकाचे तसेच आहे. त्याच्यात सर्व वेग, सर्व कोन, सर्व कंपनावस्था आणि एका रेणूचा नेम दुसऱ्याच्या केंद्रापासून चुकण्याची सर्व अंतरे एकत्र मिसळलेली असतात. तुमचे अनुमापन कितीही काटेकोर असले तरी ही मिसळ त्यातून वेगळी होणार नाही. त्यासाठी टक्कर होण्यापूर्वीच रेणूंची निवड करावी लागते, किंवा टक्कर झाल्यावर उत्पादिते दुसऱ्या कशावर आदळण्याआधी त्यांना गाठावे लागते. उत्तम प्रयोगांत दोन्ही करतात.

याचा सर्वांत सरळ मार्ग म्हणजे छेदणारे कणझोत. दोन वायू अतिशय बारीक छिद्रांतून निर्वातात सोडायचे, मधला सरळ जाणारा भाग तेवढा गाळणीशंकूने निवडायचा आणि दोन झोत सहसा काटकोनात एकमेकांना छेदू द्यायचे. वातावरणीय दाबाला हवेतला रेणू दोन टकरींच्या मध्ये सुमारे ६८ नॅनोमीटर जातो. दाब अब्जांशावर आणला की हेच अंतर ६८ मीटर होते, म्हणजे पेटीच्या लांबीच्या कितीतरी पट. त्यामुळे झोतांच्या छेदात जी टक्कर झाली तीच शेवटची, आणि तिच्यातून उडालेला तुकडा थेट शोधकापर्यंत पोचतो. शिवाय दाबाखालचा वायू छिद्रातून निर्वातात फुलतो तेव्हा त्याची अंतर्गत उष्णता पुढे धावण्याच्या गतीत बदलते. रेणू जवळजवळ एकाच वेगाने धावू लागतात आणि त्यांचे स्वतःभोवतीचे फिरणे काही केल्विनइतके थंड होते. खोलीच्या तापमानाला ठेवलेल्या नळीतून हीलियम सेकंदाला सुमारे १७५० मीटर वेगाने बाहेर येतो, आर्गॉन ५५० च्या आसपास. अभ्यासाचा रेणू या वाहक वायूंत थोडासा मिसळला की तोही त्यांच्याच वेगाने वाहून जातो. म्हणून हीलियम आणि आर्गॉन यांचे मिश्रण बदलून टकरीची ऊर्जा हवी तशी वर-खाली करता येते.

१९५५ साली टेलर आणि डॅट्झ यांनी पोटॅशियम व हायड्रोजन ब्रोमाइड यांच्यावर असा प्रयोग केला. पुढे १९६१ पासून डडली हर्शबाख यांनी पोटॅशियम आणि मिथिल आयोडाइड घेतले, तेव्हा तयार झालेले पोटॅशियम आयोडाइड पोटॅशियम ज्या बाजूने आले होते त्याच बाजूला उलटे फेकले गेलेले दिसले. आयोडीनचा रेणू घेतला तर मात्र पोटॅशियम जाता जाता आयोडीनचा एक अणू हिसकावते आणि तसेच पुढे जाते. उत्पादित कोणत्या दिशेला गेले एवढ्यावरून टक्कर समोरासमोर झाली की ओझरती, हे सांगता येते. तिसरा प्रकार असा की दोन्ही रेणू काही काळ चिकटून राहतात, जोडी स्वतःभोवती अनेक गिरक्या घेते आणि आपण कोणत्या बाजूने आलो हे ‘विसरते’. मग उत्पादिते पुढे आणि मागे सारख्याच प्रमाणात विखुरतात. ही गिरकी पिकोसेकंदांच्या (सेकंदाच्या लक्ष-कोटीव्या भागांच्या) घरातली असल्यामुळे, घड्याळ न लावता केवळ कोनावरून त्या जोडीच्या आयुष्याचा अंदाज येतो. मला स्वतःला या विषयातली ही सर्वांत देखणी युक्ती वाटते.

सुरुवातीचे प्रयोग अल्कली धातूंवर झाले यामागे निसर्गाचा काही विशेष संकेत नव्हता. तापलेल्या धातूच्या तारेवर पोटॅशियम किंवा त्याचे क्षार पडले की सहज आयन होतात आणि मोजता येतात. इतर रेणूंसाठी तेवढा संवेदनशील शोधक उपलब्ध नव्हता. युआन ली यांनी १९६७ साली हार्वर्डमध्ये इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने आयन करणारा, वस्तुमान ओळखणारा आणि छेदबिंदूभोवती फिरवता येणारा शोधक उभारला आणि जवळजवळ कोणताही रेणू आवाक्यात आला. जॉन पोलानी यांनी निराळी वाट धरली: नुकत्याच जन्मलेल्या उत्पादितांतून बाहेर पडणारा अवरक्त प्रकाश मोजायचा आणि त्यावरून ती किती जोराने कंप पावत आहेत हे ठरवायचे. हर्शबाख, ली आणि पोलानी या तिघांना १९८६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पोलानींच्या वाटेने काय कळते ते फ्लोरीनचा अणू आणि हायड्रोजनचा रेणू यांच्या उदाहरणावरून पाहा. या अभिक्रियेतून सुमारे १३४ किलोज्यूल प्रति मोल ऊर्जा मोकळी होते. ती चंचूपात्रात सोडली तर आपण म्हणू की पात्र तापले. प्रत्यक्षात टकरीच्या क्षणी त्यातली दोन-तृतीयांश ऊर्जा हायड्रोजन फ्लोराइडच्या कंपनात जाते, आणि सर्वाधिक रेणू कंपनाच्या दुसऱ्या पायरीवर जन्मतात. खालच्या पायऱ्यांवर त्यांहून कमी असतात. खालच्यापेक्षा वरच्या पायरीवर गर्दी जास्त, ही लेसरला लागणारी स्थिती आयतीच मिळते, आणि हायड्रोजन फ्लोराइडचा रासायनिक लेसर याच तत्त्वावर चालतो. ऊर्जेचा अडथळा टकरीच्या सुरुवातीला असेल तर रेणूंचा धावण्याचा वेग अधिक कामी येतो आणि अडथळा उशिरा असेल तर कंपन अधिक कामी येते, हा पोलानींचा नियमही अशाच मोजण्यांतून आणि त्यांना जोडून केलेल्या गणनेतून आला. तीन अणूंच्या अभिक्रियांना तो चांगला लागू पडतो. रेणू मोठे झाले की अपवाद वाढत जातात, त्यामुळे तो सरसकट वापरू नये.

आता प्रयोग की गणना. हे तुमच्या स्वभावावर अवलंबून आहे, आणि त्याहून जास्त म्हणजे तुम्हाला मिळणाऱ्या मार्गदर्शकाचे यंत्र आज चालू स्थितीत आहे की नाही यावर. कणझोताच्या प्रयोगशाळेत रसायनशास्त्राइतकाच वेळ पंप, गळती आणि झोतांची सरळ रेषा साधणे यांत जातो. आपल्याकडची दमट हवा त्यात भर घालते. पावसाळ्यात निर्वात पेटी उघडून थोडा वेळ तशीच ठेवली, की पोलादी भिंतींवर पाण्याचा पातळ थर बसतो आणि पुढे कितीतरी काळ वस्तुमान-वर्णपटात १८ या आकड्याचा, म्हणजे पाण्याचा, सुळका इतर सगळ्यांना झाकून टाकतो. म्हणून पेटीत हवा न घेता कोरडा नायट्रोजन घ्यायचा, काम उरकून ती तत्परतेने बंद करायची, आणि पंप चालू ठेवून भिंती शंभरेक अंशांपर्यंत शेकायच्या. ज्याला अशा कामाचा कंटाळा येतो त्याने प्रयोगाकडे जाऊ नये असे मी स्पष्ट सांगतो. ज्याला त्यातच रस वाटतो त्याला मात्र गणनेत करमणार नाही.

गणनेची चव तुम्हाला घरच्या संगणकावर आजच घेता येईल. हायड्रोजनचा अणू आणि हायड्रोजनचा रेणू घ्या. या अभिक्रियेचा अडथळा सुमारे ४० किलोज्यूल प्रति मोल आहे. तिचा ऊर्जापृष्ठ, म्हणजे अणूंच्या जागा बदलल्या की ऊर्जा कशी बदलते याचा नकाशा, सूत्ररूपात उपलब्ध आहे आणि १९६५ साली कारप्लस, पोर्टर आणि शर्मा यांनी त्यावर केलेली मार्गगणना आजही शिकण्यासाठी उत्तम आहे. तीन अणूंना न्यूटनच्या समीकरणांनुसार चालवायचे, वेळेची पायरी फेमटोसेकंदाच्या (पिकोसेकंदाच्या हजाराव्या भागाच्या) दहाव्या भागाइतकी ठेवायची, कारण हायड्रोजनच्या रेणूचे एक कंपन साडेसात फेमटोसेकंदांत पुरे होते. असे हजारो मार्ग चालवायचे आणि किती मार्गांत अभिक्रिया झाली ते मोजायचे.

यात एका जागी विद्यार्थी हमखास अडखळतात. अणूचा नेम रेणूच्या केंद्रापासून किती चुकला या अंतराची निवड यदृच्छेने करायची असते आणि बहुतेक जण शून्यापासून कमाल मर्यादेपर्यंत सारख्या प्रमाणात ती अंतरे उचलतात. परंतु मोठ्या अंतराच्या कड्याचे क्षेत्रफळ जास्त असते, म्हणून तेथे टकराही जास्त होतात. योग्य रीत अशी की शून्य ते एक यांमधील यदृच्छ संख्येचे वर्गमूळ घ्यावे आणि त्याला कमाल अंतराने गुणावे. असे केले तरच ‘अभिक्रिया झालेल्या मार्गांचे प्रमाण गुणिले कमाल वर्तुळाचे क्षेत्रफळ’ हे सूत्र अभिक्रियेचा छेद, म्हणजे अभिक्रियेसाठी रेणूचे परिणामी लक्ष्य-क्षेत्रफळ, अचूक देते. दुसरी तपासणी सोपी आहे: मार्ग संपल्यावर सर्व वेगांची चिन्हे उलटी करा आणि गणना पुन्हा चालवा; अणू होते त्या जागी परतले नाहीत तर पायरी मोठी आहे किंवा संगणकाच्या आज्ञावलीत चूक आहे. एकूण ऊर्जा टिकून राहते एवढे पाहून समाधान मानू नये.

या गणनेच्या मर्यादाही जाणून घ्या. न्यूटनचा हायड्रोजन अडथळ्यातून पुंजयामिकीप्रमाणे बोगदा काढून जात नाही, त्यामुळे कमी ऊर्जेला अभिजात (न्यूटनच्या नियमांचे) उत्तर कमी पडते. उलट हायड्रोजनच्या रेणूत किमान २६ किलोज्यूल प्रति मोल इतके शून्यबिंदू कंपन असलेच पाहिजे, हा नियम अभिजात मार्ग पाळत नाहीत आणि काही वेळा त्याहून कमी कंपनाची उत्पादिते दाखवतात. हलक्या अणूंसाठी म्हणूनच पुंज-विकिरणाची गणना, म्हणजे टकरीनंतर रेणू कसे विखुरतात याची पुंजयामिकीने केलेली गणना, शिकावी लागते. तिला गणिताची बैठक पक्की हवी. जड अणूंसाठी मार्गगणना पुष्कळदा पुरते.

कारखान्यांविषयी. रबाळे, महापे, तुर्भे या पट्ट्यातले बहुतेक रसायन द्रवात घडते. द्रावणात दोन रेणू एकदा भेटले की भोवतालचे द्रावक त्यांना कोंडून ठेवते आणि ते वेगळे होण्यापूर्वी पुन्हा पुन्हा आदळतात. तेथे विसरण, ढवळणे आणि उष्णता काढून घेणे यांचा वाटा मोठा असतो. त्यामुळे कारखान्यातल्या अभिक्रियापात्राच्या रोजच्या कामात कणझोतातले निष्कर्ष थेट उपयोगी पडतील असे मी सांगणार नाही. वायुरूप ज्वलन, वातावरणाचे रसायन, अर्धवाहक उद्योगातील प्लाझ्मा आणि लेसर हे त्याचे खरे उपयोगक्षेत्र. वर घेतलेल्या उदाहरणाचे पाहा: नायट्रिक ऑक्साइड आणि ओझोन यांच्या टकरींतून काही नायट्रोजन डायऑक्साइड उत्तेजित अवस्थेत जन्मतो आणि लाल व अवरक्त प्रकाश देतो. हवेची गुणवत्ता मोजणाऱ्या केंद्रांतील नायट्रोजन ऑक्साइडांचा विश्लेषक आत स्वतःचा ओझोन तयार करून नमुन्यात मिसळतो आणि हाच प्रकाश मोजतो.

आपल्या सुदैवाने पवईची आयआयटी, कुलाब्याची टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) आणि वाशीच्या खाडीपलीकडचे ट्रॉम्बेतील भाभा अणुसंशोधन केंद्र ही तिन्ही रासायनिक गतिकी आणि लेसर वर्णपटशास्त्र यांत काम झालेली ठिकाणे लोकलच्या अंतरावर आहेत. तेथील प्राध्यापकांना पत्र लिहिताना ‘मला या विषयात रस आहे’ असे मोघम लिहू नका. एक अभिक्रिया निवडा, तिच्या दरस्थिरांकात कोणती सरासरी दडली आहे आणि त्यातला कोणता थर तुम्हाला सोलायचा आहे हे चार ओळींत लिहा, आणि वरची हायड्रोजनची गणना केली असेल तर नेमाच्या अंतरानुसार अभिक्रियेची शक्यता कशी बदलते याचा एक आलेख सोबत जोडा. भेटीला बोलावले, तर यंत्र शेवटचे कधी चालले आणि सध्या त्यावर कोण विद्यार्थी काम करतो, हे संकोच न करता विचारा. त्या विद्यार्थ्याशी अर्धा तास बोललात तर प्रयोग की गणना याचा निर्णय घ्यायला माझ्या या उत्तरापेक्षा अधिक मदत होईल.